पगाराच्या यादीतली तिसरी ओळ

१. उंदीर

बुधवारी सकाळी आमच्या समाधान सोसायटीच्या नोटीस बोर्डावरून संघमित्रा गायकवाड गायब झाल्या. खुद्द त्या नव्हे, त्या बाराव्या मजल्यावर आपल्या घरी चहा घेत होत्या. गायब झाली ती त्यांच्या नावाची ओळ.

मी सुशांत मिठबावकर, या सोसायटीचा सेक्रेटरी. वार्षिक सभेत निवडणूक चालू असताना मी फोन घ्यायला बाहेर गेलो, परत येईपर्यंत माझ्या नावाने टाळ्या वाजून गेल्या होत्या. तेव्हापासून घाटकोपरच्या पंतनगरात नळ गळो नाहीतर लिफ्टमध्ये कबुतर शिरो, लोक माझंच दार वाजवतात. त्यामुळे ओळ चोरीला गेल्याची तक्रारही माझ्याकडेच आली.

झालं होतं असं. संघमित्राताई उपनगर जलपुरवठा महामंडळात मुख्य अभियंता आहेत. त्या महामंडळाला अचानक पारदर्शकतेची उबळ आली आणि त्यांनी आपल्या सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या पंचवीस जणांची यादी संकेतस्थळावर टाकली. नाव, हुद्दा आणि वर्षाचा आकडा. सरकारी संकेतस्थळ आपणहून कोण उघडतं, तेव्हा तिकडे कुणी फिरकलंही नसतं. पण मंगळवारी संध्याकाळी त्या यादीचं पहिलं पान छापून कुणीतरी आमच्या बोर्डावर लावलं. तिसऱ्या क्रमांकावर संघमित्रा गायकवाड, एक्केचाळीस लाख. मी ते येताजाता पाहिलं आणि पाणीपट्टीचं काहीतरी असेल असं समजून वर गेलो.

बुधवारी सकाळी पाहतो तर दुसऱ्या क्रमांकानंतर थेट चौथा. मधली पट्टी नाहीशी, आणि भोकाच्या कडा बारीक दातेरी. वॉचमन म्हणाला, "साहेब, उंदीर." मला ते पटलं आणि मी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावला. मी किती हुशार आहे ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

कागद अख्खा असता तर चार रिकामटेकड्यांनी वाचला असता. भोक पडल्यामुळे सगळ्या इमारतीने मोबाईल काढून मूळ यादी शोधली. दुपारपर्यंत एक्केचाळीस लाख हा आकडा दूधवाल्यालाही पाठ झाला. आणि संध्याकाळी पाचव्या मजल्यावरचे काशीराम घाडी माझ्या दारात उभे राहिले.

घाडीकाकांचं स्टेशनजवळ पडदे आणि सोफा कव्हरचं दुकान आहे. त्यांची मुलगी जान्हवी आणि संघमित्राताईंचा धाकटा भाऊ सम्यक यांचा साखरपुडा येत्या रविवारी आमच्याच हॉलमध्ये ठरला होता. जुनी इमारत पाडून ही नवी उभी राहिली त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्ही घरं शेजारी. तरी जात आडवी आलीच. जान्हवीने दोन वर्षं घरात चिकाटीने भांडून ती बाजूला सारली, आणि काका एकदाचे हो म्हणाले. हो म्हटल्यावर मात्र माणूस सरळ. सम्यक विक्रोळीच्या एका शाळेत मास्तर आहे, एवढं त्यांना पुरे होतं. "मुलाचा पगार विचारायचा म्हणजे बाजारात बैलाचे दात बघायचे," ते म्हणायचे. "आमच्यात विचारत नाहीत."

आज मात्र त्यांचा चेहरा लाल झाला होता. रागावले की काका मालवणीत उतरतात.

"सुशांत, लिफ्टमध्ये माका एकानं हात मिळवल्यान. म्हणता, घाडी, तुमची लॉटरी लागली. लोक काय म्हणतले? काशीरामान पैसो बघून आपला चेडू त्या घरात दिल्यान." ते धापा टाकत खुर्चीत बसले आणि सावकाश म्हणाले, "तो कागद कुणी लावला ते मला रविवारच्या आत कळलं पाहिजे. कुणी जळून लावला असेल तर मी त्याला बघून घेतो. पण गायकवाडांच्या घरातून लावला असेल, साखरपुड्याच्या तोंडावर आम्ही किती मोठे ते दाखवायला, तर मला असले व्याही नकोत. साखरपुडा रद्द."

"आणि ज्याने ओळ कापली त्याचं काय?" मी विचारलं.

"तो उंदीर," काका म्हणाले आणि घाईघाईने उठले.

२. शीत

असल्या वेळी आमच्या इमारतीत एकच दार ठोठावायचं असतं, तिसऱ्या मजल्यावरच्या वनमालाताई तोरसकरांचं. ताईंनी टेलिफोनच्या चौकशी विभागात आयुष्य काढलं. लोक अर्धवट नाव सांगायचे, ताई पूर्ण नंबर द्यायच्या. निवृत्त झाल्या तरी सवय गेली नाही. त्या एक प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. समोरच्याला ती शांतता सोसत नाही आणि तो बोलायला लागतो.

ताई खाली आल्या. बोर्डाला काचेचं दार आहे, कुलूप आहे, आणि कुलपाची चावी बोर्डाखालीच खिळ्याला टांगलेली असते. ती माझ्याकडे होती तेव्हा लोक मला पहाटे उठवायचे, म्हणून मीच तिथे टांगली.

"छान," ताई म्हणाल्या. "म्हणजे उंदराने खिळ्यावरची चावी काढली, कुलूप उघडलं, नेमकी तिसरी ओळ वाचून कापली, परत कुलूप लावलं आणि चावी जागेवर ठेवली. असा उंदीर सापडला तर त्याला कमिटीवर घे. तुझ्यापेक्षा बरं काम करेल."

पेस्ट कंट्रोलचा फोन मी रद्द केला.

ताईंनी कागद चष्म्यासमोर धरावा तसं बोर्डाला नाक लावलं. "कुठे लावलाय बघ."

आमच्या बोर्डाचे दोन भाग आहेत. उजवीकडे थकबाकीदार, डावीकडे अभिनंदन. दहावी-बारावीच्या मुलांचे फोटो डाव्या बाजूला लागतात. यादीही तिथेच होती, एका फोटोला जरा बाजूला सरकवून.

"आता वरचा कोपरा."

पानाच्या अगदी वर एक पट्टी छापली गेली होती. मोबाईलच्या पडद्यावर वर दिसते तशी, वेळ आणि बॅटरी. वेळेचे आकडे मराठीत होते आणि चांगले ठळक मोठे. म्हणजे कुणीतरी मोबाईलवरची यादी आहे तशीच झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली होती.

ताईंनी मग काचेचं दार उघडून कागदाचा कोपरा नखाने उचकटला. मागे काहीतरी कडक, पांढरं, दाबून चपटं झालेलं होतं.

"टाचण्यांची डबी इथेच पडलीय, आणि चिकटवलंय कशाने? भाताने."

शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला माहीत होतं. ताई शितावरून माणसाची परीक्षा करायला निघाल्या होत्या.

"एक लक्षात ठेव," लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या. "लावणारा आणि कापणारा एक नाही. एकाला ती ओळ सगळ्यांना दाखवायची होती, दुसऱ्याला कुणालाच दाखवायची नव्हती. आपल्याला दोन माणसं शोधायची आहेत, आणि ती दोघं एकमेकांना ओळखत असली तर पंचाईत आहे."

३. किती वाजले

पहिला संशय अख्ख्या इमारतीने परस्पर ठरवून टाकला होता, चौथ्या मजल्यावरचा यज्ञेश दळवी. हा गृहस्थ माहितीच्या अधिकारात अर्ज टाकण्यासाठीच जन्माला आला आहे. समोरच्या बागेतल्या झोपाळ्याला तेल शेवटचं कधी घातलं, हेसुद्धा त्याने पालिकेला लेखी विचारलं होतं.

"यज्ञेश, किती वाजले रे?" दार उघडताच ताईंनी विचारलं.

त्याने मोबाईल पाहून वेळ सांगितली. ताईंनीही वाकून पाहिलं. मग गप्प बसल्या.

"मी नाही लावला," यज्ञेश दोन मिनिटांत म्हणाला. "म्हणजे लावायला हवा होता मीच. सरकारी पगार लोकांच्या पैशातून जातो, लोकांना कळलाच पाहिजे, त्यात लाज कसली? पण मी लावला असता तर पंचवीसच्या पंचवीस नावं, खाली कायद्याचं कलम, माझी सही, तारीख. आणि पोच घेतली असती सुशांतकडून." त्याचा आवाज दुखावलेला होता. "वर्षानुवर्षं मी अर्ज टाकतोय, आणि पहिल्यांदा लोकांनी एखादी यादी वाचली ती दुसऱ्या कुणीतरी लावलेली. मला काय वाटत असेल?"

आम्ही त्याचं सांत्वन करून निघालो.

दुसरी नीलम सावंत, सातवा मजला. ती त्याच महामंडळात हिशेब शाखेत आहे आणि संघमित्राताईंशी तिचं फारसं सख्य नाही, हे लिफ्टलाही माहीत आहे.

"नीलम, किती वाजले गं?"

तिने मनगटावरचं घड्याळ दाखवलं, ताई हट्टाने म्हणाल्या, "मोबाईलमध्ये बघ, घड्याळं मागेपुढे असतात." नीलमने मोबाईल काढून दाखवला आणि ताईंच्या शांततेत तिचा बांध फुटला.

"मी कशाला लावू? ताई, त्या आकड्यात मागची थकबाकी धरलीय, दरवर्षी काय एवढे मिळत नाहीत त्यांना. पण ते कोण वाचतंय? आमच्या सासूबाईंनी कालपासून एकच लावून धरलंय, त्याच ऑफिसात जातेस ना, मग तुझं नाव कुठाय? मी म्हटलं पंचवीसच जण आहेत. तर म्हणतात, संघमित्राला जमलं ते तुला का नाही. ज्याने तो कागद लावला ना, त्याने माझी वाट लावली."

बाराव्या मजल्यावर संघमित्राताई स्वतः भेटल्या. बाई शांत, पण त्या दिवशी आवाजाला धार होती. "वनमालाताई, बावीस वर्षं नोकरी केली, घरात कधी पगार बोलून दाखवला नाही. आता खाली उतरले की लोक माझ्या चपलांकडे बघतात, केवढ्याच्या असतील म्हणून. वर्गणीला क्रिकेटवाले येऊन गेले, दोन गणपती मंडळं येऊन गेली, एक कोण लांबचा मामेभाऊ आला, तो मामा आम्हाला नव्हताच. पण ते जाऊ दे. माझ्यामुळे सम्यकचं लग्न मोडलं तर? ज्याने कुणी लावलाय त्याला मी सोडणार नाही."

सम्यक कोपऱ्यात उभा होता. त्याचं तोंड उतरलं होतं.

"तुला यादीचं कुठून कळलं?" वनमालाताईंनी त्याला विचारलं.

"मीच शोधली. घरच्या ग्रुपवर लिंक टाकली, ताई तिसरी आली म्हणून. गंमत म्हणून, यार." तो थांबला. वनमालाताई गप्पच. "पगाराचा विषय निघायलाच नको होता," तो एकदम म्हणाला आणि आत निघून गेला.

मी ताईंच्या कानात म्हणालो, "ओळ यानेच कापली. घाडीकाकांनी वाचू नये म्हणून."

"यादीची लिंक याने टाकली आणि यालाच ओळ लपवायची होती? लपवतोय तो, पण ती ओळ नव्हे," ताई म्हणाल्या. तो दुसरं काय लपवतोय हे मात्र त्यांनाही कळत नव्हतं, आणि ताईंना न कळणारी गोष्ट मी पहिल्यांदाच पाहत होतो.

एवढ्यात स्वयंपाकघरातून सोनूबाई आल्या, संघमित्राताईंच्या आई. जालन्याकडच्या, पांढरेशुभ्र केस, हातात चहाचे कप. "जय भीम, सेक्रेटरी. बसा की."

"सोनूबाई," ताई सहज म्हणाल्या, "किती वाजले हो?"

सोनूबाईंनी कप ठेवले, कमरेचा मोबाईल काढला आणि हात लांब करून धरला. भिंतीपाशी बसलेल्या मलाही आकडे दिसले. मराठी, ठळक आणि मोठे.

ताईंनी चहा अर्धा टाकला. असं त्या कधी करत नाहीत.

४. पडद्याचं कापड

"म्हणजे आईनेच?" जिन्यात मी म्हणालो. "वाट लागली, ताई. काकांना सांगितलं तर साखरपुडा मोडतो. नाही सांगितलं तर यज्ञेशवर बिल फाटतं."

यज्ञेशवर फाटलंच होतं. कुणीतरी त्याच्या दाराला 'चुगलखोर' अशी चिठ्ठी लावली होती, आणि त्याने ती लावणाऱ्याचा तपशील मागणारा अर्ज माझ्याकडे दिला होता.

"चल, मला पडदे घ्यायचेत," ताई म्हणाल्या.

घाडीकाकांच्या दुकानात आम्ही शुक्रवारी गेलो. काका गिऱ्हाइकाशी नेहमी गोड बोलतात, त्या दिवशी मोजकं बोलले. जान्हवी गल्ल्यावर बसली होती. बँकेतून परस्पर इथे आली होती आणि बापाशी बोलत नव्हती. जे काय सांगायचं ते ती माझ्याकडे बघून सांगत होती.

"सुशांतदादा, त्यांना सांग, मी रविवारी साडी नेसून हॉलमध्ये बसणार आहे. त्यांना यायचं तर येऊ दे."

"सुशांत, हिला सांग, माझ्या शब्दाला किंमत आहे."

मी दोघांना सांगितलं. दोघंही माझ्यावर चिडले.

ताईंनी कापडाचे नमुने मागितले. काकांनी काउंटरखालून एक जाडजूड कात्री काढली आणि चार ठाणांवरून चार तुकडे कराकरा कापून दिले. ताईंनी एका तुकड्याच्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं आणि तो पर्समध्ये टाकला.

"काशीरामभाऊ, किती वाजले?"

काकांनी खिशातून बटणांचा जुना फोन काढला, डोळे बारीक करून पाहिलं आणि वेळ सांगितली.

"काशीरामभाऊ, कागद कुणी लावला ते मला कळलंय," ताई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात या. जान्हवीला घेऊन या. पण एक सांगते, मी सांगेन ते पूर्ण सांगेन. अर्धं नाही."

काकांच्या हातातली कात्री तशीच राहिली.

५. पूर्ण नंबर

शनिवारी संध्याकाळी ऑफिसात गायकवाडांकडचे तिघे, घाडींकडचे दोघे, ताई आणि मी. यज्ञेश दाराबाहेर खुर्ची टाकून बसला, आपल्यावरचा आरोप मागे घेतल्याचं कानांनी ऐकायला.

"आधी यज्ञेशला मोकळं करते," ताई म्हणाल्या. "जळणारा माणूस कागद थकबाकीदारांच्या बाजूला लावेल. हा लावला अभिनंदनाच्या बाजूला. म्हणजे लावणाऱ्याला बदनामी करायचीच नव्हती."

"मी हेच म्हणत होतो," बाहेरून यज्ञेश म्हणाला. तो असं काहीच म्हणत नव्हता.

"पान मोबाईलवरून छापलंय. त्या मोबाईलला मराठी आकडे आहेत, मोठ्ठे, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाचे. यज्ञेशचे आणि नीलमचे आकडे इंग्रजी आणि बारीक. काशीरामभाऊंच्या फोनमध्ये यादी उघडायचीच नाही. आणि कागद चिकटवलाय भाताच्या शितांनी. आजकाल शितं कोण वापरतं? ज्याच्या लहानपणी घरात डिंक नव्हता तो."

संघमित्राताईंनी हळूच आईकडे मान वळवली. सोनूबाईंनी पदर सारखा केला.

"मीच लावला," त्या म्हणाल्या. "त्यात एवढं हुडकायचं काय व्हतं? मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, हे खरं होतं.

"आई, का?" संघमित्राताईंचा आवाज फुटला. "मी घरातसुद्धा बोलत नाही, आणि तू बोर्डावर?"

"का म्हंजे? चोरीचे हायेत का?" सोनूबाई म्हणाल्या. "सरकारनं छापलं, अख्ख्या मुंबईत तिसरी. झेरॉक्सवाल्याला म्हणलं, हे काढून दे. टाचणी हुती, पण लेकीच्या नावाजवळ टाचणी कशी टोचू, म्हणून शितं लावली." मग त्या जरा थांबल्या. "तू दहावीला या बिल्डिंगीत पयली आलती. आठवतं का? सगळ्या पोरांची नावं जुन्या बोर्डावर लागली. मी रोज भाजी घेऊन येताना बघायची. तुझं काय लागलं नाय. एक दिवस कमिटीला इचारलं, तर म्हणले, बोर्डावर जागा नाय. मी म्हणलं, बरं, जागा झाली की लावा. मंगळवारी बघितलं, एका फोटोच्या बाजूला जागा हुती. लावलं."

संघमित्राताई रडायला लागल्या. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी पंख्याकडे बघत राहिलो. त्या दिवशी मला त्या कमिटीचा मनापासून राग आला. मी त्यात नव्हतो, पण खुर्ची तीच आहे.

काशीराम घाडी मात्र ताठ बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "कारण काहीही असो," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "लावला यांच्याच घरातून. मी शब्द दिलाय."

"अजून अर्धं राहिलंय," वनमालाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समधून कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. शेजारी बोर्डावरचा कागद ठेवला. तुकड्याची कड आणि भोकाची कड, दोन्हीचे दात सारखेच बारीक होते. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून पडदेवाले ज्या दातेरी कात्रीने नमुने कापतात, तिचे.

जान्हवीने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग बापाकडे. चार दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली. "बाबा, उंदीर तुम्ही?"

काकांनी तो तुकडा उचलून पुन्हा टेबलावर ठेवला. ताईंनीही घाई केली नाही.

"मंगळवारी रात्री दुकान बंद करून येत होतो, कात्री पिशवीत होती," ते शेवटी म्हणाले. "तिसरी ओळ वाचली. आमचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा गावाकडचे म्हणाले होते, आता हे मुलींना श्रीमंताघरी खपवणार. माझ्या बहिणीच्या लग्नात हे ऐकलंय मी. एक्केचाळीस लाख वाचले आणि तेच कानात वाजायला लागलं. म्हटलं, ही ओळ कुणी बघायला नको."

"आणि भोक पाडून सगळ्यांना दाखवलीत," मी म्हणालो. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा पंख्याकडे वळलो.

"अजून एक सांगतो, नाहीतर वनमालाताई तेही काढतील," काका म्हणाले. ते सोनूबाईंकडे बघत नव्हते. "जागा नाही म्हणणारी ती कमिटी. तिचा सेक्रेटरी मीच होतो."

"माहीत हाय मला," सोनूबाई म्हणाल्या. "तुमालाच तर इचारलं हुतं."

"आणि तरी माझ्या मुलीला सून करायला निघालात?"

"जान्हवीनं कुठं जागा नाय म्हणलं?"

काकांनी दोन्ही हात जोडले, मग ते सोडून गुडघ्यावर ठेवले. "सोनूबाई, चूक माझी आहे. मोठी आहे. पण ज्याच्यासाठी मी तो कागद कापला ते अजून तिथंच आहे ना. उद्या साखरपुडा झाला तर उद्याच लोक म्हणणार, पैसा बघितला. मी काय करू? माझा जीव त्यात अडकलाय."

तेव्हा सम्यक उठला. चार दिवसांत अर्धा झालेला पोरगा, पण आवाज स्वच्छ होता.

"काका, पैसा ताईचा आहे. माझा विचारा ना."

"आमच्यात विचारत नाहीत," काका सवयीने म्हणाले.

"मग न विचारता सांगतो. मी मास्तर आहे, पण अजून पर्मनंट नाही. शिक्षणसेवक आहे. महिन्याला अठरा हजार मानधन. तुम्हाला कळलं तर नाही म्हणाल म्हणून बोललो नाही. जान्हवीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लग्नानंतर ताईकडे राहणार नाही आम्ही, भांडुपला भाड्याने खोली बघितलीय. वन रूम किचन."

आता वनमालाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अपुरं राहिलेलं नाव त्यांना शेवटी पूर्ण मिळालं होतं.

काशीराम घाडी खुर्चीत पुढे सरकले. "अठरा? हजार?"

"हो."

"वर आणखी काही? क्लास, शिकवण्या?"

"नाही. परवानगी नसते."

"खरं सांगतोस ना? जास्त असून कमी नाही ना सांगत?" काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सुशांत, याचा कागद मिळतो काय रे? पगाराचा?"

बाहेरून यज्ञेश म्हणाला, "माहितीच्या अधिकारात मागवता येईल."

सम्यकने मोबाईलवर बँकेत जमा झालेल्या रकमेचा मेसेज दाखवला. काकांनी तो दोनदा वाचला, मग खुर्चीला पाठ टेकली. इतके दिवस आवळून धरलेले त्यांचे खांदे खाली आले.

"अठरा हजार," ते समाधानाने म्हणाले. "मग कोणाची टाप आहे बोलायची? पैसा बघून कोण मुलगी देईल याला?"

"का वो?" आता सोनूबाई भडकल्या. "माझा पोरगा काय रस्त्यावर पडलाय? दोन वर्षांत पर्मनंट हुतोय. एमए हाय."

"नको, घाई नको," काका म्हणाले. "होऊ दे सावकाश."

जान्हवी हसत सुटली. "बाबा, मला बँकेत याच्या तिप्पट मिळतात, ते तुम्ही कधी विचारलंत का?"

काका म्हणाले, मुलींनाही आमच्यात विचारत नाहीत. त्यांनी टेबलावरचा भोक पडलेला कागद उचलला, नीट घडी करून खिशात घातला आणि सोनूबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"उद्या सकाळी नवीन कागद मी काढून आणतो, आणि मी स्वतः लावतो. त्याच जागेवर. फक्त एक परवानगी द्या. खाली जावयाचा आकडापण लिहू दे."

"तो कशाला?"

"लोकांना कळू दे, घाड्याने माणूस बघून मुलगी दिली."

सोनूबाईंनी विचार केला. मग संघमित्राताईंकडे पाहिलं, त्यांनी डोळे पुसत मान हलवली. "लिवा," सोनूबाई म्हणाल्या. "पण माझ्या लेकीच्या खाली. आणि लई मोठ्या अक्षरात नको."

रविवारी हॉल भरला. घाडीकाका मात्र हॉलमध्ये नव्हते. नवा कोट घालून ते बोर्डापाशी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून तिथे नेत होते. आधी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून नाव मोठ्याने वाचायचे, "आमच्या जावयाची ताई, तिसरी," आणि मग खालचे अठरा हजार. क्रिकेटवाल्यांना वाचून दाखवलं, लिफ्टमधल्या त्या लॉटरीवाल्याला दोनदा वाचून दाखवलं. आत अंगठ्या थांबल्या होत्या. शेवटी सम्यक वैतागून बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, बस करा ना आता. चला आत."

कालपर्यंत तो त्यांना काका म्हणत होता. हे तिथे बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. घाडींच्या आलं, आणि ते बोर्डावरचं बोट काढून त्याच्याबरोबर आत गेले.